विकीची पाने गिटमध्ये साठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील आणि त्याच्या आसपासच्या गावांत वाचनालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्या आधाराने गावाची विकी चालवणाऱ्यांसाठी, आणि त्यातही जिच्या किंवा ज्याच्या हाती सर्व्हरची जबाबदारी आहे अशा व्यक्तीसाठी, हे प्रश्न एकत्र केले आहेत. वाचकाला गिटची तोंडओळख आहे, म्हणजे कमिट, क्लोन, पुश आणि मर्ज हे शब्द परिचयाचे आहेत, असे येथे धरले आहे.

विकीचा साठा गिटमध्ये ठेवणे म्हणजे नेमके काय?

विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी पानांचा मजकूर आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसमध्ये ठेवते. गिटवर उभ्या असलेल्या विकीत प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल असते आणि कोणी ‘जतन करा’ दाबले की त्या बदलाची एक कमिट तयार होते. पानाचा इतिहास म्हणजे त्या फाइलला स्पर्श करणाऱ्या कमिटची यादी होय, आणि जुनी आवृत्ती परत आणणे म्हणजे जुना मजकूर नव्या कमिटने पुन्हा लिहिणे होय. त्यासाठी ब्रँच कधीही मागे सरकवायची नसते.

मात्र रिपॉझिटरी, म्हणजे या फाइली आणि त्यांच्या कमिट यांचा साठा, ही विकी नव्हे. शोधसूची, ‘अलीकडील बदल’ची यादी, कोणते पान कोणत्या पानाला जोडलेले आहे याची नोंद आणि तयार केलेली एचटीएमएल पाने या सगळ्यांसाठी बाजूला एखादा छोटा डेटाबेस बहुधा लागतोच, आणि त्यात गैर काही नाही. अट एकच आहे: या बाजूच्या डेटाबेसमधील प्रत्येक गोष्ट रिपॉझिटरीवरून पुन्हा उभी करता आली पाहिजे. तो डेटाबेस पुसून विकी पुन्हा सुरू करावी. काही हरवले, तर तुमचा साठा अर्धाच गिटमध्ये आहे असे समजावे. पुढील बहुतेक उत्तरे या एका अटीतूनच निघतात.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये आलेल्या ट्विकीने पानांच्या आवृत्त्या आरसीएस या त्याहून जुन्या, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत ठेवायला सुरुवात केली होती. जोई हेस यांची २००६ मधील इकिविकी आरंभी सबव्हर्जन या तशाच दुसऱ्या प्रणालीवर चालत असे आणि पुढे तिने गिटसह इतर प्रणालींनाही आधार दिला. जॉन मॅकफार्लेन यांची गिटइट गिट, डार्क्स किंवा मर्क्युरिअल यांपैकी कोणत्याही आवृत्ती-प्रणालीवर चालते. गिटहबने २०१० मध्ये आपल्या विकी गिटवर आणल्या आणि त्यासाठी लिहिलेली गोलम ही रुबीतील विकी सर्वांसाठी खुली केली. गिटहबवरील प्रत्येक प्रकल्पाची विकी ही आजही एक स्वतंत्र रिपॉझिटरी असते आणि ती क्लोन करता येते.

डेटाबेसवरच्या विकी व्यवस्थित चालत असताना हा खटाटोप कशासाठी?

शहरात, कायम जोडलेल्या सर्व्हरवर आणि नियमित बॅकअप घेणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली विकी असेल, तर हा खटाटोप न केलेलाच बरा. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. विकी चालवणारा शिक्षक बदलीवर जातो, भाड्याच्या सर्व्हरचे वार्षिक पैसे भरायचे राहतात, आणि डेटाबेसचा बॅकअप घेतलेला असला तरी तो उघडता येणारा दुसरा माणूस गावात नसतो. गिटच्या साठ्यात प्रत्येक क्लोन संपूर्ण इतिहासासह असतो आणि पाने साध्या मजकुराच्या फाइली असल्यामुळे विकीचे सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती कोणत्याही संगणकावर वाचता येतात. वाचनालयाचा लॅपटॉप, शाळेचा संगणक आणि तालुक्याच्या ठिकाणचा सर्व्हर या तिन्ही ठिकाणी पूर्ण नोंद असणे हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे. बाकीचे लाभ सोयीचे आहेत, पण केवळ त्यांच्यासाठी स्थलांतर करू नये.

गावात नेटवर्क टिकत नाही. तरीही सर्व गावांच्या प्रती एकसारख्या राहू शकतात का?

राहू शकतात, आणि यासाठी गिटमध्ये बंडल नावाची जी सोय आहे ती आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. बंडल ही एकच फाइल असते; तिच्यात ठरावीक टप्प्यापासून पुढच्या सगळ्या कमिट भरलेल्या असतात, आणि पेनड्राइव्हवर ठेवलेल्या त्या फाइलला गिट दूरच्या रिपॉझिटरीप्रमाणेच वागवते, म्हणजे तिच्यातून थेट क्लोन किंवा फेच करता येते. आठवडी बाजाराला तालुक्याला येणाऱ्या माणसाच्या खिशातून ती गावी जाऊ शकते, आणि गावातील नव्या कमिटचे उलट बंडल त्याच वाटेने परत येऊ शकते. व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवलेली फाइलही चालते.

येथे एक अडचण हमखास येते. बंडलमध्ये ‘या कमिटपासून पुढचे’ असे लिहिले असेल, तर घेणाऱ्याकडे ती आधीची कमिट असावीच लागते. मधल्या खेपेचा पेनड्राइव्ह एखाद्या गावी पोहोचलाच नसेल, तर पुढचे बंडल तेथे उघडणार नाही. म्हणून मागच्या खेपेपासूनचे तेवढेच न भरता त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यापासूनचे भरावे, कारण जे आधीच आहे ते गिट पुन्हा साठवत नाही आणि पुनरावृत्तीने काही बिघडत नाही. पेनड्राइव्ह देण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर बंडल पडताळण्याची आज्ञा चालवावी. गावाकडून आलेल्या कमिट सर्व्हरवर थेट मुख्य ब्रँचमध्ये न घेता त्या गावाच्या नावाच्या ब्रँचमध्ये घ्याव्यात आणि मग मर्ज कराव्यात, म्हणजे काही विपरीत आढळले तर मुख्य विकीला धक्का लागत नाही.

जुन्या लॅपटॉपच्या घड्याळाचाही येथे विचार करावा लागतो. आतला सेल संपला की संगणक प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेने सुरू होतो आणि त्यावर केलेल्या कमिटला तीच तारीख चिकटते. ‘अलीकडील बदल’ची यादी केवळ कमिटच्या तारखेवरून लावली, तर अशा गावाचे आजचे काम यादीच्या तळाशी गाडले जाते. यादीसाठी ती कमिट सर्व्हरवर कधी आली याची वेळ धरावी. ही वेळ खुद्द कमिटमध्ये नसते. पण मर्ज सर्व्हरच करत असल्यामुळे त्या मर्ज-कमिटवर सर्व्हरच्या घड्याळाची वेळ असते, आणि ती रिपॉझिटरीतून केव्हाही काढता येते. त्यासाठी गावाची ब्रँच सरळ पुढे सरकवता येण्यासारखी असली, तरीही मर्ज-कमिट करण्याचा आग्रह ठेवावा.

जतन करताना लाइन गेली तर पान बिघडते का?

बहुधा नाही. गिट आधी मजकुराचा, मग फोल्डरच्या रचनेचा आणि मग कमिटचा ऑब्जेक्ट लिहिते आणि सर्वांत शेवटी ब्रँचचे टोक नव्या कमिटवर आणते. त्यामुळे मध्येच वीज गेली तर जुने टोक शाबूत राहते आणि अर्धवट लिहिलेले ऑब्जेक्ट निरुपद्रवी कचरा म्हणून पडून राहतात.

पण ‘लिहिले’ आणि ‘डिस्कवर उतरले’ यांत फरक आहे. सुटे ऑब्जेक्ट डिस्कवर सक्तीने उतरवण्याचे काम गिट मूळ मांडणीत करत नाही. त्यामुळे टोक पुढे सरकलेले आणि ऑब्जेक्टची फाइल मात्र शून्य बाइटची, अशी स्थिती भारनियमनाच्या दिवसांत खरोखर उद्भवू शकते. गिटच्या २.३६ या २०२२ मधील आवृत्तीपासून यासाठी ‘कोअर.एफसिंक’ ही मांडणी उपलब्ध आहे. ती ‘ऑल’ वर ठेवावी. त्यामुळे जतन करणे किंचित मंदावते, पण गावाच्या विकीवर ते जाणवणारही नाही. रोज रात्री साठा शाबूत आहे का हे तपासणारी ‘फस्क’ (fsck) ही गिटची आज्ञा चालवून त्याचा निकाल कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाईल अशी व्यवस्था करावी. शून्य बाइटचा ऑब्जेक्ट सापडल्यास, तो दुसऱ्या गावाच्या क्लोनमध्ये आधीच पोहोचलेला असेल तर तेथून आणता येतो.

दोघांनी एकाच वेळी एकच पान बदलले तर कोणाचे टिकते?

योग्य रीतीने जोडलेल्या विकीत दोघांचेही टिकते. घाईने जोडलेल्या विकीत दुसऱ्याने जतन केलेला मजकूर पहिल्याचा बदल निमूटपणे पुसून टाकतो, आणि तो इतिहासात दिसत असला तरी तिकडे कोणी पाहत नाही. गुलाबी बोंडअळीच्या पानावर फवारणीच्या दिवसांत असे घडण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि नेमके तेव्हाच त्या पानावर विसंबून लोक औषध आणतात.

यासाठी संपादनाचा फॉर्म उघडताना त्या पानाच्या त्या वेळच्या मजकुराची, म्हणजे ब्लॉबची, ओळख-संख्या फॉर्ममध्ये लपवून ठेवावी. जतन करताना पानाचा सध्याचा ब्लॉब तोच असेल तर सरळ कमिट करावी. वेगळा असेल तर मूळ मजकूर, दरम्यान आलेला मजकूर आणि आत्ता आलेला मजकूर अशा तिहींवरून मर्ज करून पाहावे. अनेक जण येथे ब्लॉबऐवजी संपूर्ण रिपॉझिटरीची शेवटची कमिट ताडून पाहतात. परिणामी दुसऱ्याच पानावर बदल झाला तरी जतन करणाऱ्याला ‘संघर्ष’ असा इशारा मिळतो आणि लोक त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

मर्ज निर्वेध झाली तरी एकत्र झालेला मजकूर शेवटी जतन करणाऱ्यास एकदा दाखवावा. एकाने औषधाचे प्रमाण बदलले आणि दुसऱ्याने पाण्याचे, आणि त्या दोन ओळी एकमेकींपासून दूर असल्या, तर गिटच्या दृष्टीने तेथे काही संघर्ष नसतो, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तयार झालेले मिश्रण दोघांपैकी कोणीही सांगितलेले नसते. मर्ज अडली तर संघर्षाच्या खुणांसह पान कधीही कमिट करू नये. दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून फॉर्म परत द्यावा.

गिटची मर्ज ओळीनुसार चालते आणि ब्राउझरमध्ये लिहिलेला संपूर्ण परिच्छेद ही एकच ओळ असते, त्यामुळे एकाच परिच्छेदातील दोन निराळी वाक्ये बदलणाऱ्यांचाही संघर्ष होतो. मार्कडाउन या साध्या खुणांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीत लागोपाठच्या ओळी एकाच परिच्छेदात मोडत असल्याने प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिण्याची शिस्त लावली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवून पूर्णविरामापाशी ओळ तोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ‘ता. बाळापूर, जि. अकोला’ अशा प्रत्येक पत्त्याचे त्यात तुकडे होतात.

सर्व्हरवर फाइलींची उघडलेली प्रत ठेवावी की केवळ बेअर रिपॉझिटरी?

बेअर, म्हणजे फाइली न उघडता केवळ गिटचा साठा असलेली. उघडलेल्या प्रतीत फाइल लिहून मग ‘ॲड’ आणि ‘कमिट’ करणे सुरुवातीला सोपे वाटते, परंतु दोन विनंत्या एकाच वेळी आल्या की त्या इंडेक्सच्या, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या बदलांच्या यादीच्या, एकाच कुलपाशी अडकतात, आणि मध्येच प्रक्रिया मेली तर ते कुलूप तसेच पडून राहून विकी बंद होते. बेअर रिपॉझिटरीत ऑब्जेक्ट थेट लिहून शेवटी ‘टोक अजून तेच असेल तरच पुढे सरकव’ अशा अटीने ब्रँच बदलता येते. अट मोडली तर नव्या टोकावरून पुन्हा प्रयत्न करायचा. लिबगिट२ हे गिटची कामे प्रोग्रॅममधून करू देणारे ग्रंथालय वापरणाऱ्या भाषांत हे सर्व आज्ञा न चालवताही करता येते, आणि गिट २.३८ पासून ‘मर्ज-ट्री’ ही आज्ञा उघडलेल्या प्रतीशिवाय मर्ज करून देते.

पानांची नावे देवनागरीत ठेवता येतात का?

ठेवता येतात, आणि ठेवावीत. पानाला आकड्याचे नाव देऊन खरे शीर्षक फाइलच्या आत ठेवण्याची पद्धत तांत्रिकदृष्ट्या निर्धोक आहे, पण मग लॅपटॉपवर क्लोन उघडणाऱ्या वाचनालयाच्या माणसाला कोणती फाइल कशाची हे कळत नाही, आणि विकीवाचूनही पाने वाचता यावीत हा मूळ हेतूच बाद होतो. मात्र देवनागरी नावांसाठी पुढील काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते. हजार पाने झाल्यावर ती घेणे फार महाग पडते.

सर्वांत मोठा प्रश्न ‘ऱ’ चा आहे. ‘पऱ्हाटी’ किंवा ‘वऱ्हाड’ हे शब्द डोळ्यांना एकसारखे दिसत असूनही आत तीन प्रकारे लिहिलेले असू शकतात: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, ‘र’ ला नुक्ता आणि मग हलन्त जोडून, किंवा ‘र’ ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे देऊन. कोणत्या कीबोर्डवरून कोणता प्रकार उमटेल याचा नेम नाही. गिटला फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटची रांग असते, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन निरनिराळी पाने आहेत, आणि एकाच फोल्डरमध्ये ‘पऱ्हाटी’ नावाच्या तीन फाइली शेजारी-शेजारी बसतात. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणित रूप पहिले दोन प्रकार एक करते, पण तिसऱ्याला हात लावत नाही. त्यासाठी ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. ‘ॲप’ मधल्या ‘ॲ’ चेही तसेच आहे: ते एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही, आणि एनएफसी या दोहोंना एक मानत नाही. हे नियम एकाच ठिकाणी लिहून पानाचे नाव, दुवा आणि शोधाचा शब्द या तिन्हींना तेच लावावेत. पुश करून किंवा बंडलमधून आलेल्या नावांनाही तेच लावावेत, नाहीतर समोरच्या दाराने अडवलेले मागच्या दाराने आत येते.

नावाची लांबीही मोजावी लागते. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युटीएफ-८ मध्ये स्वतंत्र ३ बाइट घेतो. ‘शेतकऱ्यांसाठी’ या एका शब्दाचे ३९ बाइट होतात, आणि वेबपत्त्यात टक्केचिन्हांच्या रूपात गेला की त्याची ११७ चिन्हे होतात. योजनेचे पूर्ण सरकारी नाव पानाचे नाव म्हणून देण्याचा आग्रह असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. असे नाव पानाच्या आत द्यावे.

विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चालवून घेत नाही, तसेच शेवटी टिंब असलेले फोल्डरही तेथे टिकत नाही. ‘खत केव्हा द्यावे?’ हे पान सर्व्हरवर बिनतक्रार तयार होते आणि शाळेच्या संगणकावर क्लोन करताना अडते, म्हणून ही चिन्हे नावात येऊच देऊ नयेत. शेवटी, गिट मूळ मांडणीत देवनागरी नावे आकड्यांच्या रूपात छापते, ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी बंद केली की ती नीट दिसतात. फाइली सुरुवातीपासून शाबूतच असतात, फक्त छापण्याची रीत बदलते.

ग्रामपंचायतीच्या जुन्या संगणकातून येणारा मजकूर पुष्कळदा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो युनिकोड नव्हे. रूपांतर करून, एकदा वाचून, मगच विकीवर आणावा.

पानाचा इतिहास उघडायला वेळ का लागतो?

गिटचा इतिहास संपूर्ण रिपॉझिटरीचा असतो, एकेका पानाचा नसतो. एका पानाचा इतिहास काढण्यासाठी तिला सगळ्या कमिट मागे चालत जाऊन प्रत्येकीत ती फाइल बदलली का हे पाहावे लागते. २०२० मधील २.२७ या आवृत्तीपासून कमिट-ग्राफ या गिटच्या सहायक फाइलमध्ये बदललेल्या फाइलींची संक्षिप्त खूण ठेवता येते आणि त्यामुळे हे काम खूप हलके होते. ती सोय चालू करावी. त्याने भागले नाही, तर बाजूच्या डेटाबेसमध्ये ‘पान आणि कमिट’ अशी सूची ठेवावी.

पानाचे नाव बदलले हे गिट कोठेही लिहून ठेवत नाही. दोन कमिटमधील फाइली पुरेशा सारख्या असल्या, मूळ मांडणीत निम्म्याहून अधिक, तर ती तसा अंदाज करते. म्हणून नाव बदलणे आणि मजकूर बदलणे या दोन वेगळ्या कमिट कराव्यात आणि जुन्या नावावर नव्या पानाचा दुवा सोडावा.

शोध कसा द्यावा?

काही शे पानांपर्यंत गिटची स्वतःची ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी आज्ञा पुरते. त्यापुढे स्वतंत्र शोधसूची लागते, आणि ती मराठीसाठी नीट बांधावी लागते: ‘विहीर’ असा शोध घेणाऱ्याला ‘विहिरीत’ आणि ‘विहिरींचे’ ही रूपे सापडत नाहीत, कारण सामान्यरूप होताना मधली वेलांटीच बदलते. शोधापुरते ऱ्हस्व-दीर्घ एक मानले तरी बरेच काम होते.

फोटो आणि ध्वनिमुद्रणे याच रिपॉझिटरीत ठेवावीत का?

लहान केलेले फोटो ठेवावेत. जेपीईजी फाइल थोडीशी बदलली तरी गिटला ती जवळजवळ पूर्ण नव्याने साठवावी लागते, आणि काढून टाकली तरी इतिहासात राहतेच. मोबाइलमधला मूळ फोटो जसाच्या तसा चढवू दिला, तर वर्षभरात क्लोन पेनड्राइव्हवर जड होतो. अशा वेळी मोठ्या फाइली रिपॉझिटरीबाहेर ठेवणारे गिट एलएफएस सुचवले जाते, पण आपल्या रचनेत त्याची एक मोठी अडचण आहे: एलएफएसमधील फाइली बंडलमध्ये जात नाहीत, तेथे केवळ त्यांच्या पत्त्याची चिठ्ठी जाते, आणि नेटवर्क नसलेल्या गावात ती चिठ्ठी निरुपयोगी ठरते. वृद्धांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे साध्या फोल्डरमध्ये ठेवून, त्यांच्या नावांची व तपासणी-बेरजांची यादी तेवढी रिपॉझिटरीत ठेवणे अधिक सरळ आहे.

कमिटवर कोणाचे नाव जावे?

गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशी दोन स्वतंत्र नावे असतात. लिहिणाऱ्याला लेखक करावे आणि सर्व्हरला कमिट करणारा. ईमेलच्या जागी खरा पत्ता घालू नये, कारण तो प्रत्येक क्लोनबरोबर कायमचा फिरत राहतो. ‘इन्व्हॅलिड’ ने संपणारा बनावट पत्ता त्यासाठी राखीवच आहे. मोबाइल क्रमांकालाच सदस्यनाव करण्याची आपल्याकडची सवय येथे मुळीच चालू देऊ नये.

चुकून कोणाचा आधार क्रमांक पानावर गेला आहे. तो कसा काढावा?

पान दुरुस्त करून भागत नाही, कारण जुनी कमिट तशीच असते. ‘फिल्टर-रेपो’ या साधनाने इतिहास नव्याने लिहून तो क्रमांक काढता येतो, पण त्या कमिटपासून पुढच्या सर्व कमिटच्या ओळख-संख्या बदलतात. सर्व गावांनी जुने क्लोन टाकून नवे घ्यावे लागतात, आणि एखाद्याने जुन्या क्लोनमधून मर्ज केली की काढलेला मजकूर परत येतो. म्हणून तो क्रमांक असलेली जुनी कमिट ज्यात आहे अशी कोणतीही ब्रँच सर्व्हरने नाकारावी. सर्व्हरवरही जुने ऑब्जेक्ट लगेच जात नाहीत. रिफ्लॉग, म्हणजे ब्रँचच्या आधीच्या टोकांची गिटने ठेवलेली नोंद, रिकामा करून सफाई मुद्दाम चालवावी लागते. पेनड्राइव्हवरची जुनी बंडले कोणाकोणाकडे आहेत हे शोधण्याचे काम उरतेच, आणि ते कोणतेही साधन करून देत नाही.

त्यामुळे खरा उपाय जतन करण्याआधीचाच आहे. आधार क्रमांक १२ अंकी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक व्हरहॉफ या तपासणी-अंक काढण्याच्या पद्धतीने आधीच्या अंकांवरून ठरतो. एवढ्या माहितीवर संशयास्पद आकडा ओळखून जतन थांबवता येते. ही तपासणी देवनागरी अंकांनाही आणि चार-चार अंकांनंतर जागा सोडून लिहिलेल्या क्रमांकांनाही लागू करावी. लाभार्थ्यांच्या याद्यांचे तक्ते चिकटवण्याची प्रवृत्ती फार असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर तर हा केवळ शिष्टाचाराचा भाग राहिलेला नाही. ज्या माहितीत खोडण्याची वेळ वारंवार येणार आहे, ती गिटमध्ये ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही पाने केवळ सदस्यांना दिसतील असे करता येईल का?

त्याच रिपॉझिटरीत नाही. ज्याच्याकडे क्लोन आहे त्याच्याकडे सर्व काही आहे. गिटमध्ये फोल्डरनुसार वाचनाची परवानगी नसते. सबव्हर्जनमध्ये ती असते, पण तेथे पूर्ण इतिहास प्रत्येक प्रतीत नसतो. खासगी पानांसाठी वेगळी रिपॉझिटरी करावी.

जाणत्या सदस्यांना थेट पुश करू द्यावे का?

द्यावे, कारण पन्नास पानांतील एकच शब्द दुरुस्त करायचा असेल तर ब्राउझरमधून ते काम नकोसे होते. पण पुश म्हणजे विकीच्या सर्व तपासण्यांना वळसा घालून येणारा बदल, त्यामुळे त्या तपासण्या सर्व्हरच्या ‘प्री-रिसीव्ह’ हुकमध्ये, म्हणजे पुश स्वीकारण्याआधी आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, पुन्हा कराव्या लागतात: नावांचे प्रमाणित रूप, आधारसदृश आकडे, फाइलचा आकार, आणि विशेषतः सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) व सबमॉड्यूल (आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) यांना पूर्ण मज्जाव, कारण सर्व्हरवरील भलतीच फाइल पानाच्या रूपात दाखवण्यासाठी सिमलिंकचा वापर करता येतो. इतिहास मागे सारणारा पुश आणि ब्रँच पुसणे या दोन्हींना मनाई करणाऱ्या मांडण्या गिटमध्ये आहेत. त्या चालू ठेवाव्यात. पुश स्वीकारल्यानंतर ‘पोस्ट-रिसीव्ह’ हुकने शोधसूची आणि तयार पाने ताजी करावीत.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

एका वाचनालयापुरती विकी असेल तर ऑटर विकी पुरेशी आहे. ती पायथनमध्ये लिहिलेली असून पाने मार्कडाउनमध्ये आणि थेट गिटमध्ये ठेवते. गोलम भक्कम आहे, पण तिच्यात लॉगिनची व्यवस्था नसल्याने ती पुढच्या वेबसर्व्हरवर करावी लागते. विकी.जेएस दिसायला देखणी आहे. परंतु तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा साठा डेटाबेसमध्ये असतो आणि गिट ही त्याच्याशी जुळवली जाणारी प्रत असते, म्हणजे सर्व काही रिपॉझिटरीवरून पुन्हा उभे करता यावे ही सुरुवातीची अट ती पूर्ण करत नाही. डोकुविकीला डेटाबेस लागतच नाही आणि जोड-सॉफ्टवेअरने तिचे बदल गिटमध्ये कमिट करता येतात, मात्र तिचा स्वतःचा इतिहास वेगळ्या फोल्डरमध्ये चालू राहतो.

मीडियाविकीवरून येणाऱ्यांसाठी गिटचे एक जोडसाधन मीडियाविकीला दूरच्या रिपॉझिटरीप्रमाणे वागवते आणि पानांचा इतिहास कमिटच्या रूपात उतरवते. साचे, म्हणजे अनेक पानांत वापरले जाणारे मजकुराचे तयार नमुने, मात्र हाताने बदलावे लागतात.

विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदीही येथेच ठेवाव्यात का?

महिन्यातून एकदा, प्रत्येक विहिरीची एक ओळ, एवढ्याच नोंदी असतील तर ठेवाव्यात. प्रत्येक विहिरीसाठी स्वल्पविरामांनी विभागलेली वेगळी फाइल करावी. एकाच फाइलच्या शेवटी दोन गावांनी ओळी जोडल्या की गिट दर वेळी संघर्ष दाखवते. ‘युनियन’ हा मर्जचा प्रकार त्या फाइलींना लावला की दोन्ही ओळी राहतात, पण क्रम आणि दुबार नोंदी नंतर तपासाव्या लागतात. पातळीबरोबर रोजची क्षारता, पंपाचे तास आणि पाऊस अशा नोंदी सुरू झाल्या, किंवा त्यांवरून तालुकाभराचे आलेख काढायचे ठरले, तर त्या नोंदी डेटाबेसमध्ये न्याव्यात आणि विकीच्या पानावर केवळ वर्षअखेरीचा तक्ता कमिट करावा.